वेगवेगळ्या वयाच्या आणि वेगवेगळ्या जागी खेळणाऱ्या फुटबॉलपटूंचा दमसास एकाच चाचणीने मोजावा का?

शिट्टीवाला यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या फुटबॉल केंद्रात १३ वर्षांखालील, १५ वर्षांखालील, १७ वर्षांखालील आणि प्रौढ असे चार संघ सराव करतात. हंगाम सुरू होण्याआधी या सर्वांची यो-यो चाचणी घेण्यात आली. मधूनमधून विश्रांती देणारा जो प्रकार आहे, त्यातली पहिली पातळी वापरली आणि प्रत्येकाने कापलेले अंतर मीटरमध्ये नोंदवले. आता या आकड्यांवरून सर्वांसाठी एकच किमान अंतर ठरवावे आणि जो ते गाठणार नाही त्याला निवडीतून वगळावे, असा व्यवस्थापनाचा विचार आहे. मला तो पटत नाही. पण नकार द्यायचा तर नुसती शंका पुरेशी नाही, कारणे हवीत.

आकडे पाहताना काही गोष्टी खटकल्या. प्रौढ संघातले दोन्ही मधले बचावपटू यादीत खाली आहेत, आणि सामन्यात मात्र तेच सर्वांत भरवशाचे आहेत. १५ वर्षांखालील गटात जन्मतारखेत जेमतेम दोन महिन्यांचे अंतर असलेल्या दोन मुलांपैकी एकाने दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट अंतर कापले. गोलरक्षकांचे आकडे तर कशाशी ताडून पाहावेत तेच कळत नाही. वय आणि खेळण्याची जागा लक्षात घेऊन या चाचण्या नेमक्या कशा वापराव्यात, हे जाणकारांनी सांगावे.

---

दमसास यांचे उत्तर

आपली शंका रास्त आहे. आधी ही चाचणी काय मोजते ते पाहू, कारण गोंधळाचे मूळ बहुधा तिथेच असते. डेन्मार्कचे येन्स बांग्सबो यांनी ती आखली. २० मीटर जायचे, वळून २० मीटर परत यायचे, मग १० सेकंदांत ५ मीटर पुढे आणि ५ मीटर मागे असे सावकाश चालायचे, आणि पुन्हा धावायचे. पहिल्या पातळीत सुरुवात ताशी १० किलोमीटर वेगाने होते. पहिल्या चार फेऱ्यांत वेग १३ किलोमीटरपर्यंत चढतो, पुढच्या सात फेऱ्या १३.५ ते १४ किलोमीटरच्या वेगाने होतात आणि तिथून पुढे दर आठ फेऱ्यांनी वेग ताशी अर्ध्या किलोमीटरने वाढत जातो. ध्वनिसंकेताच्या आत रेषा गाठणे दुसऱ्यांदा चुकले की चाचणी संपली. दुसरी पातळी थेट ताशी १३ किलोमीटरपासून सुरू होते. ती मुरलेल्या खेळाडूंसाठी आहे आणि तिच्यात ऑक्सिजनविना ऊर्जा तयार करण्याच्या क्षमतेची कसोटी अधिक लागते.

म्हणजे या चाचणीत अनेक गोष्टी एकत्र मिसळलेल्या आहेत: हृदय आणि फुप्फुसांची ताकद, १० सेकंदांत सावरण्याची क्षमता, वेग कमी करून वळण्याचे आणि पुन्हा वेग घेण्याचे तंत्र, पायांतला जोर आणि धाप लागल्यावरही न थांबण्याची इच्छा. सामन्यात या सगळ्या गोष्टी लागतात म्हणूनच ती उपयुक्त आहे. क्रुस्ट्रुप आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले की चाचणीत कापलेले अंतर आणि सामन्यात अधिक वेगाने धावलेले अंतर यांचा चांगला संबंध असतो. त्याच वर्षी मोर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात अव्वल दर्जाच्या खेळाडूंनी सरासरी सुमारे २२६० मीटर, तर त्याखालच्या दर्जाच्या व्यावसायिकांनी सुमारे २०४० मीटर अंतर कापल्याचे दिसले. पण हे आकडे प्रौढ पुरुष व्यावसायिकांचे आहेत. ते आपल्या १३ वर्षांखालील मुलांच्या यादीशेजारी लिहिणेसुद्धा योग्य नाही.

अनेक केंद्रांत या अंतरावरून व्हीओटू मॅक्स, म्हणजे कमाल ऑक्सिजन ग्रहणक्षमता, काढण्याची पद्धत आहे. अंतराला ०.००८४ ने गुणून त्यात ३६.४ मिळवायचे, की दर किलो वजनामागे दर मिनिटाला किती मिलिलिटर ते येते. २००० मीटरला ५३.२ येतात. हे सूत्र प्रौढांच्या एका मोठ्या समूहावरून काढलेले आहे आणि समूहाची सरासरी सांगण्यापुरते ते ठीक आहे. एकेका खेळाडूला मात्र ते लावू नये. एक पाऊलही न धावणाऱ्याला हे सूत्र ३६.४ बहाल करते, यावरूनच त्याची मर्यादा ध्यानात यावी. ऑक्सिजन ग्रहणक्षमता सारखीच असलेल्या दोन खेळाडूंच्या यो-यो अंतरात शेकडो मीटरचा फरक पडू शकतो. म्हणून अंतर हे अंतर म्हणूनच नोंदवावे, त्याचे रूपांतर करू नये.

आता जागेचा प्रश्न. प्रौढ पुरुषांच्या वरच्या दर्जाच्या सामन्यात मैदानातला खेळाडू साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो. त्यात मधल्या फळीचे खेळाडू सर्वांत पुढे आणि मधले बचावपटू सर्वांत मागे असतात, तर कडेने खेळणारे वेगवान धावांत आघाडीवर असतात. यो-यो चाचणीतही साधारण हाच क्रम उमटतो. मधली फळी आणि कडेचे बचावपटू वर, मधले बचावपटू आणि आघाडीवीर खाली. याची कारणे दोन आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. एक म्हणजे जो ज्या जागी वर्षानुवर्षे खेळतो, तिथल्या मागणीप्रमाणे त्याचे शरीर घडते. दुसरे म्हणजे मधल्या बचावपटूची निवडच मुळात उंची, वजन आणि हवेतला चेंडू जिंकण्याची ताकद पाहून केलेली असते, आणि ८५ किलोचे शरीर दर २० मीटरला थांबवून उलटे वळवायला ६५ किलोच्या शरीरापेक्षा जास्त श्रम पडतात. तेव्हा आपले बचावपटू यादीत खाली आहेत यात नवल नाही. तेच खेळाडू गेल्या हंगामापेक्षा बरेच खाली गेले असतील, तर मात्र विचारपूस करावी.

---

छोटा संघ यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. वयाबद्दल अधिक सांगतो, कारण माझे बहुतेक काम १० ते १६ वर्षांच्या मुलामुलींबरोबर चालते आणि एकच किमान अंतर ठरवण्याचा सर्वांत मोठा अन्याय याच वयात होतो.

मुलग्यांमध्ये दर किलो वजनामागची ऑक्सिजन ग्रहणक्षमता किशोरवयात फारशी बदलत नाही. मुलींमध्ये ती हळूहळू थोडी उतरते. तरीही यो-यो चाचणीतले अंतर वयाबरोबर झपाट्याने वाढत जाते. याचा अर्थ ती वाढ केवळ हृदय आणि फुप्फुसांमुळे होत नाही. टांग लांब होते, धावण्यात वाया जाणारी ऊर्जा कमी होते, वळताना लागणारी ताकद येते आणि ऑक्सिजनविना ऊर्जा पुरवणारी यंत्रणा वयात येताना पक्व होते. लहान मुले थकल्यावर प्रौढांपेक्षा लवकर सावरतात, त्यामुळे १० सेकंदांची विश्रांती त्यांना पुरतेही. पण ताशी १५ किलोमीटरच्या पुढचा वेग आखूड पायांना झेपत नाही आणि चाचणी तिथे संपते. ११ वर्षांच्या मुलाचा दमसास मोजायला निघालेले आपण प्रत्यक्षात त्याच्या पायांची लांबी मोजून परत येतो.

आपल्या १५ वर्षांखालील गटातल्या त्या दोन मुलांचे कोडे इथेच सुटण्याची शक्यता आहे. उंची सर्वाधिक वेगाने वाढण्याचा काळ मुलींत साधारण १२ व्या वर्षी आणि मुलग्यांत साधारण १४ व्या वर्षी येतो, पण ही सरासरी झाली. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या शारीरिक परिपक्वतेत तीन-चार वर्षांचा फरक असणे मुळीच दुर्मीळ नाही. जन्मदाखल्यावर दोघे १४ वर्षांचे. शरीराने एक १२ चा आणि दुसरा १६ चा. त्यात भर म्हणजे उंचीचा झपाटा चालू असताना काही मुलांचा शरीरावरचा ताबा तात्पुरता सुटल्यासारखा होतो, आणि वळणावर तो लगेच दिसतो. अशा मुलाचे अंतर सहा महिने वाढले नाही किंवा किंचित घटले, तरी त्याचा दम कमी झाला असे समजू नये.

यावर उपाय महागडा नाही. दर तीन महिन्यांनी उभ्याची उंची, बसून मोजलेली उंची आणि वजन नोंदवत जा. मिरवाल्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेल्या सूत्रात हे आकडे आणि वय घातले की वाढीच्या सर्वोच्च टप्प्यापासून मूल किती लांब आहे याचा अंदाज येतो. हा अंदाज एखाद्या वर्षाने चुकू शकतो, आणि फार लवकर किंवा फार उशिरा वयात येणाऱ्यांच्या बाबतीत तर जास्तच चुकतो; म्हणून सूत्राच्या उत्तरापेक्षा उंचीचा आलेख कधी चढा होतो याकडेच माझे लक्ष अधिक असते. तो आलेख चाचणीच्या आकड्याशेजारी ठेवला की निम्मे गैरसमज दूर होतात.

चाचणीच्या निवडीबद्दल सांगायचे, तर अगदी लहान मुलांसाठी यो-यो पहिल्या पातळीचे २० ऐवजी १६ मीटरचे रूप वापरले जाते, ते वापरावे. लेजे आणि लँबर्ट यांची १९८२ मधली २० मीटरची शटल धाव, जिला सगळे बीप चाचणी म्हणून ओळखतात, तीही चालेल. तिचे आज रुळलेले रूप ताशी ८.५ किलोमीटरपासून सुरू होऊन दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरने वाढते. तिच्यात विश्रांती नसल्याने ती फुटबॉलसारखी वाटत नाही, पण मुलांना समजायला ती सोपी आहे. कोणतीही चाचणी निवडा. मात्र ती आधी एकदा केवळ सवयीसाठी घ्या आणि तो आकडा वहीत लिहूच नका. पहिल्या खेपेला बहुतेक मुले वेग कसा राखायचा हे न कळल्यामुळे बाद होतात.

मुलींच्या संघांसाठीही मुलग्यांचे तक्ते वापरू नयेत. क्रुस्ट्रुप यांच्याच २००५ च्या अभ्यासात अव्वल महिला खेळाडूंची पहिल्या पातळीतली सरासरी सुमारे १३८० मीटर होती आणि त्या अभ्यासातल्याच खेळाडूंच्या सर्वांत कमी व सर्वांत जास्त आकड्यांत १३०० मीटरहून अधिक अंतर होते.

---

जुना हाफबॅक यांचे उत्तर

दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, तरी एक आक्षेप नोंदवतो. प्रत्येक जागेसाठी वेगळा निकष लावायचा म्हटले, की मधल्या बचावपटूला आयती सवलत मिळते. संघ मैदानात वर चढून बचाव करत असेल, तर त्याच बचावपटूला पाठीमागच्या मोकळ्या जागेत तीस-चाळीस मीटर परत धावावे लागते, आणि तेही ८० व्या मिनिटाला. तेव्हा तक्त्यातली सरासरी बघून "बचावपटूला एवढे पुरे" म्हणणाऱ्या प्रशिक्षकाला त्याची किंमत सामन्यात मोजावी लागते. खेळाडूकडून आपण काय करून घेणार आहोत, हे निकष ठरवताना आधी पाहावे. त्याच्या जागेचे नाव नंतर.

माझ्या मते बचावपटू आणि आघाडीवीर यांच्यासाठी यो-योच्या जोडीला पुनःपुन्हा वेगाने धावण्याची चाचणी घ्यावी. २० मीटर जाऊन वळून २० मीटर परत, मध्ये २० सेकंद विश्रांती, अशा सहा धावा पुरेशा होतात. सर्व धावांच्या वेळांची सरासरी पाहावी. वेळ किती टक्क्यांनी घसरली हा आकडा आकर्षक दिसतो, पण तो फार डळमळीत असतो; शिवाय पहिली धाव मुद्दाम सावकाश घेणाऱ्याची घसरण कमी दिसते. खेळाडू हे दुसऱ्याच खेपेला ओळखतात.

गोलरक्षकाच्या बाबतीत मात्र मी पूर्ण सवलत देईन. तो सामन्यात साधारण पाच किलोमीटर हिंडतो आणि त्यातले बहुतेक चालणे असते. त्याची उडी, पहिली पाच-दहा पावले आणि पडून उठण्याचा वेग मोजा. हंगामाच्या सुरुवातीला त्याने सर्वांबरोबर धावायला हरकत नाही, पण तो आकडा निवडीत धरू नये.

---

शिट्टीवाला

सर्वांचे आभार. हाफबॅक साहेब, आपला मुद्दा मी व्यवस्थापनापुढे नक्की मांडेन. आणखी दोन शंका आहेत. सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेतल्यावर एका खेळाडूचे अंतर १६०० वरून १६८० मीटर झाले, तर ती सुधारणा मानावी का? आणि सामने सुरू झाल्यावर खेळाडूंना दर महिन्याला दमेपर्यंत पळवणे मला बरोबर वाटत नाही, त्याला काही पर्याय आहे का?

---

आकडेमोड यांचे उत्तर

पहिल्या शंकेचे उत्तर असे की ८० मीटर म्हणजे केवळ दोन फेऱ्या. एकाच खेळाडूने काही दिवसांच्या अंतराने हीच चाचणी पुन्हा दिली, तरी पहिल्या पातळीच्या निकालात साधारण ५ टक्के फरक आपोआप पडतो, हे क्रुस्ट्रुप यांच्या २००३ च्या अभ्यासात नोंदवलेले आहे. १६०० चे ५ टक्के ८० च होतात. त्यामुळे एकट्या खेळाडूच्या या बदलावरून काहीही निष्कर्ष काढू नये. तो २०० मीटरने वाढला असता तर सुधारणा म्हणायला जागा होती. संपूर्ण संघाची सरासरी ८० मीटरने वाढली तर गोष्ट वेगळी, कारण वीस जणांच्या सरासरीत हे योगायोगाचे चढउतार बऱ्याच अंशी एकमेकांना छेदून जातात.

हा ५ टक्क्यांचा हिशेबसुद्धा परिस्थिती सारखी ठेवली तरच खरा धरायचा. एकदा ओल्या गवतावर आणि एकदा कृत्रिम मैदानावर, एकदा सकाळी आणि एकदा भर उन्हात, एकदा विश्रांतीनंतर आणि एकदा सामन्याच्या दुसऱ्या दिवशी अशी चाचणी घेतली, तर आपण मैदान, ऊन आणि थकवा यांचीच तुलना करत असतो. पृष्ठभाग, बूट, वेळ आणि आधीचा व्यायाम तोच ठेवावा, आदल्या ४८ तासांत सामना किंवा जड सराव नसावा, अंतर टेपने मोजावे, आणि रेषेवर पाऊल पडले की नाही हे पाहणारा माणूसही शक्यतो तोच असावा. काही जण दुसरा इशारा देताना फार दयाळू होतात.

दुसऱ्या शंकेवर चांगला पर्याय आहे. यो-यो पहिली पातळी सहाव्या मिनिटाला थांबवायची आणि त्या क्षणाची हृदयगती त्या खेळाडूच्या स्वतःच्या कमाल हृदयगतीच्या किती टक्के आहे ते नोंदवायचे. त्याच वेगाला हृदयगती महिन्यागणिक उतरत असेल तर दमसास वाढतो आहे. यात कोणी पूर्ण दमत नाही, त्यामुळे सरावाच्या सुरुवातीला शरीर गरम करण्याचाच तो भाग होऊन जातो. दोन-चार ठोक्यांचा फरक मात्र ऊन, कमी झोप किंवा कमी पाणी यांनीही पडतो, तेव्हा एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नये. कमाल हृदयगती २२० मधून वय वजा करून काढू नये. त्याच वयाच्या दोन खेळाडूंत २० ठोक्यांचा फरक सहज असतो. हंगामाच्या सुरुवातीच्या पूर्ण चाचणीत दिसलेली सर्वांत वरची हृदयगतीच वापरावी.

चाचणीच्या निकालावरून थेट सराव आखायचा असेल, तर मार्टिन बुशाइट यांची ३०-१५ चाचणी पाहावी. तिच्यात ४० मीटरच्या पट्ट्यात ३० सेकंद धावणे आणि १५ सेकंद चालणे असते, सुरुवात ताशी ८ किलोमीटरने होते आणि प्रत्येक टप्प्याला अर्धा किलोमीटर वाढतो. निकाल अंतरात नसून वेगात मिळतो. एकाचा शेवटचा वेग १८ आणि दुसऱ्याचा २० असेल, तर दोघांना एकाच सरावात आपापल्या वेगाच्या ठराविक टक्क्यांवर पळवता येते. यो-योच्या मीटरांवरून हे जमत नाही. आपल्याकडे चार संघ असल्याने १७ वर्षांखालील आणि प्रौढ संघांना मी हीच सुचवेन.

---

दमसास यांचे उत्तर

हाफबॅक साहेबांचा आक्षेप मला मान्य आहे. सरासरी हे ध्येय नव्हे. त्यांच्या म्हणण्याला जोडून एवढेच सांगतो की कमी आकडा आला म्हणून वगळण्याआधी तो सुधारतो का हे पाहणे अधिक शहाणपणाचे आहे, कारण दमसास पुष्कळ प्रमाणात कमावता येतो. हेल्गेरूड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये नॉर्वेच्या युवा खेळाडूंना आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे, कमाल हृदयगतीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर प्रत्येकी चार मिनिटांच्या चार धावा दिल्या. त्यांची ऑक्सिजन ग्रहणक्षमता ५८.१ वरून ६४.३ झाली आणि सामन्यात कापलेले अंतर सुमारे २० टक्क्यांनी वाढले. खेळाडूची उंची किंवा त्याची चेंडूची समज आठ आठवड्यांत अशी वाढत नाही. एकाच किमान अंतराचा आग्रह धरणाऱ्यांसमोर मी हाच अभ्यास ठेवेन.

व्यवस्थापनाला एखादा कागद द्यावाच लागणार असेल, तर त्यात प्रत्येक खेळाडूचे आजचे अंतर, त्याचेच मागील अंतर आणि त्याच्या जागी खेळणाऱ्या आपल्याच केंद्रातील इतरांची व्याप्ती एवढेच असावे. मुलांच्या कागदावर उंचीच्या वाढीचा रकाना जोडावा आणि क्रमांक मुळीच लिहू नयेत.

प्रौढ संघात पस्तिशी ओलांडलेले खेळाडू असतील, तर एक गोष्ट व्यवस्थापनाला विचारण्याआधीच करून घ्या. ही चाचणी हृदयाला कमाल मर्यादेपर्यंत नेते. त्यामुळे तिच्याआधी त्यांची वैद्यकीय तपासणी झालेली असावी. आणि वय काहीही असो, धावताना छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा घरात कमी वयात हृदयविकाराने कोणी दगावलेले असणे यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत त्या खेळाडूला रेषेवर उभे करू नका.